जेरी राईस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीत अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत हमखास एक संवाद होतो. मुलं टीव्हीसमोर ओरडत असतात आणि भारतातून आलेले आजी-आजोबा विचारतात, "अरे, पण हे नेमकं चाललंय काय?" हा खेळ नियमांच्या बाजूने समजून घ्यायला गेलं तर कंटाळा येतो. एका खेळाडूचं बोट धरून आत शिरलं तर तो पटकन उलगडतो, आणि तसं बोट धरायला जेरी राईसइतका योग्य माणूस दुसरा नाही. त्याच्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

जेरी राईस कोण?

अमेरिकन फुटबॉलमधला वाइड रिसीव्हर. १९८५ ते २००४ असे २० हंगाम तो एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये खेळला, त्यातले १६ सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सकडून. १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड, झेल घेऊन केलेले १९७ टचडाउन, आणि धावून वगैरे केलेले धरून एकूण २०८. हे चारही आकडे आजही विक्रम म्हणून उभे आहेत. फोर्टीनायनर्सबरोबर त्याने तीन सुपर बोल जिंकले.

मला हा खेळच कळत नाही. वाइड रिसीव्हर करतो तरी काय?

आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. या प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. चार डाउनमध्ये १० यार्ड सरकलात की पुन्हा नवे चार मिळतात. असं करत करत समोरच्या टोकाच्या एन्ड झोनमध्ये पोचलात की टचडाउन, म्हणजे सहा गुण. पुढे जायचे मुख्य मार्ग दोन : चेंडू हातात घेऊन धावायचं, नाहीतर तो हवेतून फेकायचा. फेकतो तो क्वार्टरबॅक. झेलायला जे पळतात त्यांतले मैदानाच्या कडेला, इतरांपासून लांब उभे राहणारे ते वाइड रिसीव्हर.

बघणाऱ्याला झेल दिसतो, पण तो कामाचा शेवटचा भाग आहे. प्रत्येक चालीत रिसीव्हरला एक ठरलेली वाट पळायची असते, तिला रूट म्हणतात. इतकी पावलं सरळ, मग आत वळायचं, किंवा बाहेर, किंवा एकदम थांबून मागे फिरायचं. समोर त्याला अडवायला कॉर्नरबॅक असतो, त्याच्या मागे सेफ्टी नावाचा आणखी एक बचावपटू. वाट चुकली, एक पाऊल जास्त पडलं, तर चेंडू तिथे येतो आणि रिसीव्हर तिथे नसतो. प्रतिस्पर्धी असतो.

राईसची सगळी कारकीर्द याच वाटेची गोष्ट आहे, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

लहानपणी तो विटा झेलायचा, हे खरं का?

खरं आहे, आणि हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. त्याचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२चा, मिसिसिपी राज्यातल्या स्टार्कव्हिलचा. वाढला जवळच्या क्रॉफर्ड नावाच्या खेड्यात. वडील जो नेथन राईस गवंडी होते. उन्हाळ्यात मुलं त्यांच्या हाताखाली कामाला जायची. जेरी परांचीवर उभा आणि खालून भाऊ एकामागून एक विटा वर फेकताहेत, असं ते काम. वीट झेलताना हात ताठ ठेवला तर बोटं फुटतात. ती हातात येताना हात तिच्याबरोबर थोडा मागे न्यावा लागतो. फुटबॉल झेलण्यातही हेच मऊ हात लागतात.

मात्र विटांमुळे तो महान झाला असं म्हणणं मला पटत नाही. मिसिसिपीत त्या काळी विटा झेलणारी पोरं शेकड्यांनी असतील. विटांनी त्याला हात दिले असतील, आणि दिवसभर उन्हात राबायची सवय नक्कीच दिली. पुढे कामाला आली ती जास्त करून सवय.

शाळेत पळून जाताना सापडला म्हणून फुटबॉलकडे वळला, ही गोष्ट रचलेली वाटते.

रचलेली नाही. बी. एल. मूर हायस्कूलमध्ये असताना तो वर्ग चुकवून फिरत होता आणि शाळेतल्या एका अधिकाऱ्याने त्याला मागून गाठलं. जेरीने जी धूम ठोकली ती पाहून ते थक्क झाले. शिक्षा झालीच, पण फुटबॉलच्या प्रशिक्षकांच्या कानावरही गेलं की हा पोरगा पळतो. २०१० साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या दिग्गजांच्या सन्मान-दालनात, दाखल होतानाच्या भाषणातही त्याने हा किस्सा सांगितला.

एवढा गुणी होता तर मोठ्या विद्यापीठात का नाही गेला?

कारण मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये वरचा थर आणि खालचे थर असा फरक असतो. राईस गेला तो मिसिसिपी व्हॅली स्टेट विद्यापीठात, डेल्टा भागातल्या इट्टा बीना या छोट्या गावी. ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी असलेलं हे विद्यापीठ, खेळायचं दुसऱ्या थरात.

तिथे त्याला आर्ची कूली भेटले, आणि हे त्याचं खरं नशीब. कूलींना 'गनस्लिंगर' म्हणत. इतर संघ चेंडू पोटाशी धरून मैदान रेटायचे त्या काळात कूली चेंडू सतत हवेत ठेवायचे. कधीकधी चार रिसीव्हर एकाच बाजूला एकामागे एक उभे करायचे. समोरच्यांना कळायचंच नाही कोणी कोणाला धरायचं. क्वार्टरबॅक होता विली टॉटन. १९८४च्या हंगामात राईसने २७ टचडाउन झेलले. त्याचं टोपणनाव पडलं 'वर्ल्ड', कारण जगात असा चेंडू नाही जो तो झेलू शकणार नाही. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइस्मन पुरस्कारासाठीच्या मतदानात तो नववा आला, दुसऱ्या थरातल्या कॉलेजचा खेळाडू असून. आज त्या विद्यापीठाच्या मैदानाचं नाव राईस-टॉटन स्टेडियम आहे.

फोर्टीनायनर्सनी त्याला कसं हेरलं?

संघाचे प्रशिक्षक बिल वॉल्श १९८४च्या ऑक्टोबरमध्ये सामन्यासाठी ह्यूस्टनला गेले होते. आदल्या रात्री हॉटेलच्या टीव्हीवर त्यांनी मिसिसिपी व्हॅलीच्या सामन्यातली क्षणचित्रं पाहिली आणि हा मुलगा डोक्यात बसला.

अडचण अशी होती की त्या हंगामात फोर्टीनायनर्स विजेते ठरले, आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने कॉलेजातले नवे खेळाडू निवडतात त्यात, विजेत्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. त्यांच्या वाट्याला २८वी निवड होती. तोपर्यंत राईस हातातून जाणार हे उघड होतं. १७व्या क्रमांकावर बसलेल्या डॅलस काउबॉइजचा त्याच्यावर डोळा असल्याची चर्चा होती. वॉल्शनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी सौदा केला, आपल्या वरच्या निवडी दिल्या आणि १६वी जागा मिळवली. त्याच्याआधी दोन रिसीव्हर उचलले गेले होते, अल टून आणि एडी ब्राउन. दोघेही चांगले खेळाडू.

पहिल्या वर्षापासूनच चमकला का?

नाही. १९८५च्या हंगामात त्याच्या हातून दहापेक्षा जास्त सोपे झेल सुटले. कँडलस्टिक पार्कवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. वॉल्शची पद्धत अवघड होती, एकेका चालीत समोरचा बचाव बघून वाट बदलायची असे. डोक्यात हिशेब चालू असला की हात चुकतात.

मग ९ डिसेंबरला लॉस अँजेलिस रॅम्सविरुद्ध सोमवार रात्रीचा सामना झाला. सगळा देश बघत होता. राईसने १० झेल घेऊन २४१ यार्ड काढले. संघ सामना हरला, पण त्या रात्रीनंतर त्याला कोणी हुर्यो केल्याचं ऐकिवात नाही.

तो फारसा वेगवान नव्हता म्हणतात. मग कोणाला सापडायचा कसा नाही?

सगळ्यांत चांगला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

ड्राफ्टआधी खेळाडूंची ४० यार्डांची धाव मोजतात. राईसची वेळ ४.७ सेकंदांच्या आसपास होती असं सांगितलं जातं. वेगवान रिसीव्हर हेच अंतर ४.४ सेकंदांत कापतात. कागदावर बघितलं तर हा माणूस मागे पडायला हवा. प्रत्यक्षात मागे पळणारे त्याला गाठू शकत नव्हते. चेंडू काखेत, अंगावर सगळा सरंजाम, बाजूने कोणीतरी झेपावतोय, अशा वेळी ज्या वेगाने माणूस पळतो तो वेग घड्याळाच्या चाचणीत मोजला जात नाही.

दुसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या वाटा. स्लँट नावाचा रूट घ्या. दिसायला अगदी साधा : दोन-तीन पावलं सरळ, मग तिरकं आत. राईस पहिली पावलं अशी टाकायचा की कॉर्नरबॅकला वाटावं हा आता लांब पळणार. खांदे पुढे झुकलेले, हात जोरात चाललेले, नजर दूर. कॉर्नरबॅकने वजन मागच्या पायावर टाकलं की त्याच क्षणी राईसचा बाहेरचा पाय जमिनीत रुतायचा आणि तो आत वळलेला असायचा. वळताना वेग कमी होत नसे. बहुतेक रिसीव्हर वळण्याआधी छोटी पावलं टाकतात, ढुंगण खाली घेतात, आणि अनुभवी बचावपटू तेवढ्यावरून ओळखतो. राईसच्या सगळ्या वाटांची सुरुवात सारखी दिसायची, म्हणून ओळखायला काही हाती लागत नसे.

वॉल्शच्या पद्धतीत क्वार्टरबॅक रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू सोडतो. चेंडू माणसाकडे फेकलेला नसतो, जागेकडे फेकलेला असतो. राईसने मान वळवली की चेंडू छातीसमोर. तो पूर्ण धावेत झेलला गेला की समोर मोकळं मैदान, आणि सहा यार्डांची फेक साठ यार्डांचा टचडाउन होऊन जायची. झेलानंतरची ही धाव त्याने कलेच्या पातळीवर नेली. सरावातही प्रत्येक झेल घेतल्यावर तो एन्ड झोनपर्यंत पळत जायचा, चेंडू पाच यार्डांवर मिळालेला असला तरी. नवीन आलेले खेळाडू आधी बघत राहायचे, मग त्याच्यामागे पळायला लागायचे.

ती प्रसिद्ध टेकडी कुठे आहे?

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सॅन कार्लोस गावाजवळ एजवूड पार्क आहे. तिथली अडीच मैलांची, म्हणजे साधारण चार किलोमीटरची चढाची पायवाट 'द हिल' म्हणून नावारूपाला आली ती राईसमुळे. हंगाम संपल्यावर बाकीचे सुट्टीवर जायचे, तो आणि संघाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) रॉजर क्रेग ही टेकडी चढायचे. आठवड्यातले सहा दिवस व्यायाम, सकाळी धावणं आणि नंतर वजनं. बरोबर यायचं म्हणून उत्साहाने आलेले कित्येक खेळाडू अर्ध्या वाटेत ओकारी करून बसले, असे किस्से त्या पिढीतले सगळेच सांगतात.

बे एरियात राहत असाल तर रविवारी सकाळी जाऊन या. वसंतात रानफुलं असतात. चालत चढतानाही दम लागतो, आणि शेवटच्या चढावर आल्यावर तो इथे न थांबता पळत होता हे पायांना कळतं.

त्याचा सर्वोत्तम हंगाम कोणता?

आकड्यांनी बघितलं तर १९९५ : १२२ झेल, १,८४८ यार्ड. यार्डांचा हा विक्रम १७ वर्षं टिकला आणि २०१२ साली कॅल्विन जॉन्सनने मोडला. त्या वेळी राईस ३३ वर्षांचा झाला होता.

माझं मत मात्र १९८७ला. त्या वर्षी खेळाडूंचा संप झाला, त्यामुळे राईसला फक्त १२ सामने मिळाले. १२ सामन्यांत त्याने २२ टचडाउन झेलले. पूर्ण हंगाम खेळूनही तोवर कोणी तिथे पोचलं नव्हतं. हा विक्रम रँडी मॉसने २००७ साली २३ करून मोडला, पण त्याला १६ सामने मिळाले होते. १९८७चं दुखणं वेगळंच : त्याआधीच्या जानेवारीत न्यू यॉर्क जायंट्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात राईस एकटाच टचडाउनकडे पळत असताना, कोणी हात न लावता, चेंडू त्याच्या हातून निसटला होता. फोर्टीनायनर्स तो सामना ४९-३ असे हरले. पुढचा सगळा उन्हाळा तो त्या चेंडूशीच भांडत होता, असं त्याचं १९८७चं खेळणं बघताना वाटतं.

सुपर बोलमध्ये कसा खेळला?

चार सुपर बोल खेळला, चारही वेळा टचडाउन झेलला. एकूण ३३ झेल, ५८९ यार्ड, ८ टचडाउन. मोठ्या सामन्यात हात थरथरणारे खेळाडू खूप असतात. याचे हात तिथे जास्त स्थिर व्हायचे.

यांतला कायम लक्षात राहणारा तो २२ जानेवारी १९८९चा, मायामीत सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध. शेवटची तीन मिनिटं आणि दहा सेकंद उरलेत, फोर्टीनायनर्स १३-१६ असे मागे, आणि चेंडू आपल्याच आठ यार्डांच्या रेषेवर. म्हणजे ९२ यार्ड जायचंय. क्वार्टरबॅक जो मोंटाना छोट्या छोट्या फेकी करत संघाला पुढे नेतो. मध्येच एक दंड होतो आणि दुसऱ्या डाउनला तब्बल २० यार्ड हवे असतात. इथे बहुतेक संघांचा धीर सुटतो. मोंटाना मध्यभागी फेकतो, राईस बचावपटूंच्या गराड्यात झेलतो आणि २७ यार्ड काढून मोकळा होतो.

त्यानंतर जे झालं ते मला त्याहून आवडतं. शेवटच्या चालीत राईस चेंडू सुटण्याआधी मैदानाच्या रुंदीला समांतर सरकायला लागतो आणि बेंगल्सचं सगळं लक्ष त्याच्याकडे जातं. मोंटाना चेंडू फेकतो तो जॉन टेलरला. १० यार्डांचा टचडाउन, ३४ सेकंद बाकी, २०-१६. राईसच्या हातात चेंडू आलाही नाही, तरी ती चाल त्याच्यामुळे फळली. ११ झेल आणि २१५ यार्डांसाठी सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

पुढच्या वर्षी डेन्व्हरविरुद्ध ५५-१०ने विजय, राईसचे तीन टचडाउन. १९९५च्या जानेवारीत सॅन डिएगोविरुद्ध पुन्हा तीन, त्यातला पहिला सामन्याच्या तिसऱ्याच चालीत ४४ यार्डांचा. त्या सामन्यात त्याचा खांदा निखळला होता. तो पट्टी बांधून परत आला.

मोंटाना की यंग? कोणाबरोबर जास्त जमलं?

दोघांबरोबर, आणि हे वाटतं तेवढं सोपं नाही. मोंटाना उजव्या हाताने फेकायचा, स्टीव्ह यंग डावखुरा. डावखुऱ्याच्या हातून सुटलेला चेंडू उलट्या दिशेने फिरत येतो आणि बोटांवर वेगळ्या तऱ्हेने बसतो. वर्षानुवर्षं एका फिरकीची सवय झालेल्या हातांना ते नव्याने शिकावं लागतं. राईसने जास्तीच्या सरावात तेच केलं. यंगबरोबर त्याचे ८५ टचडाउन झाले, तो त्या काळी जोडीचा विक्रम होता. रंगत बघायची तर मोंटानाचा काळ, सातत्य बघायचं तर यंगचा.

१९९७ची दुखापत किती गंभीर होती?

खूप. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, ३१ ऑगस्टला टॅम्पा बे येथे, वॉरन सॅपने पकडून खाली खेचताना त्याच्या डाव्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. त्याआधी तो दुखापतीमुळे एकही सामना चुकला नव्हता, सलग १८९ सामने. वय ३४. अशा दुखापतीतून सावरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तो साडेतीन महिन्यांत, १५ डिसेंबरला परतला. त्याच रात्री मोंटानाची जर्सी समारंभपूर्वक निवृत्त होणार होती आणि राईसला त्या रात्री मैदानात असायचंच होतं. टचडाउन झेलला, आणि त्याच झेलात जमिनीवर आपटून गुडघ्याची वाटी तडकली. हंगाम पुन्हा संपला.

ही घाई चुकीची होती असं मला ठामपणे वाटतं. त्याच्या जिद्दीचं कौतुक करताना लोक हा प्रसंग सांगतात, पण शाळा-कॉलेजात खेळणाऱ्या मुलांनी यातून उलटा अर्थ घेऊ नये. डॉक्टर थांब म्हणतात तेव्हा थांबायचं असतं. पुढच्या वर्षी नीट बरा होऊन आला तेव्हा त्याने ८२ झेल आणि १,१५७ यार्ड काढलेच.

मग फोर्टीनायनर्सनी त्याला सोडलं कसं?

एनएफएलमध्ये संघाला पगारावर एकूण मर्यादा असते. २००१ साली तो ३८ वर्षांचा होता, महाग होता, आणि टेरेल ओवेन्स नावाचा तरुण रिसीव्हर तयार झाला होता. संघाने त्याला मोकळं केलं. तो खाडी ओलांडून ओकलंड रेडर्सकडे गेला. सगळ्यांना वाटलं, आता निवृत्तीच्या पगाराची सोय.

पहिल्या वर्षी १,१३९ यार्ड. दुसऱ्या वर्षी, ज्या हंगामात तो ४० वर्षांचा झाला, ९२ झेल आणि १,२११ यार्ड. त्याच हंगामात २००वा टचडाउन केला आणि संघ सुपर बोलपर्यंत गेला. तिथे टॅम्पा बेकडून २१-४८ असा सपाटून पराभव झाला, पण राईसने एक टचडाउन झेललाच.

बेरीज करून बघा : ३० वर्षांचा झाला त्या १९९२च्या हंगामाअखेर त्याचे ६१० झेल होते. त्यानंतर ९३९. बहुतेक रिसीव्हर तिशीनंतर उतरणीला लागतात, कारण त्यांचा सगळा डोलारा वेगावर असतो. राईसचा डोलारा पावलांवर होता, आणि पावलं वयाने विसरत नाहीत.

शेवट कसा झाला?

जरा कष्टी करणारा. १९ सप्टेंबर २००४ला बफेलोविरुद्ध त्याला एकही झेल मिळाला नाही आणि सलग २७४ सामन्यांत किमान एक झेल घेण्याची त्याची मालिका संपली. त्याच हंगामात तो सिॲटल सीहॉक्सकडे गेला. तिथे राईसच्या नेहमीच्या ८० क्रमांकाची जर्सी संघाचा जुना रिसीव्हर स्टीव्ह लार्जंटच्या सन्मानार्थ बंद ठेवलेली होती. लार्जंटने ती राईसला वापरू दिली. २००५ साली डेन्व्हरच्या शिबिरात गेला, पण तिथे चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा रिसीव्हर म्हणून बसायची वेळ येणार हे दिसल्यावर हंगाम सुरू होण्याआधी, ५ सप्टेंबरला, थांबला.

२००६ साली फोर्टीनायनर्सनी त्याच्याशी एक प्रतीकात्मक करार केला, म्हणजे निवृत्ती त्यांचाच खेळाडू म्हणून व्हावी. करारावरची रक्कम १,९८५,८०६.४९ डॉलर. अंक नीट वाचा : १९८५ साली संघात आला, ८० त्याचा क्रमांक, ६ म्हणजे निवृत्तीचं २००६ साल, आणि ४९ म्हणजे फोर्टीनायनर्स. पैसे अर्थात दिले-घेतले नाहीत.

त्याचे विक्रम कोणी मोडेल का?

यार्डांचा मोडणं फार अवघड आहे. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड १७ हंगाम खेळला आणि १७,४९२ यार्डांवर थांबला. मधलं अंतर ५,४०३ यार्डांचं. एखाद्याने वर्षाला १,५०० यार्ड, म्हणजे उत्कृष्ट हंगाम, सलग १५ वर्षं काढले तरी बेरीज २२,५०० होते. क्रिकेटमधलं सांगायचं तर कसोटीत ब्रॅडमनची सरासरी आणि त्याच्या खालच्यांची सरासरी यांत जशी फट आहे, तशी ही आहे.

आणि हे लक्षात घ्या की २००४नंतर बचावपटूंनी रिसीव्हरला हात लावण्याबाबतचे नियम जास्त कडकपणे राबवले जाऊ लागले आणि २०२१पासून हंगामात १७ सामने आहेत. आजच्या रिसीव्हरला काम सोपं आहे, तरी कोणी जवळ फिरकलेलं नाही.

हातमोज्यांना चिकट द्रव्य लावायचा, हा आरोप काय आहे?

आरोप नाही, कबुली आहे. २०१५ साली एका चित्रफितीत तो स्वतःच बोलून गेला की हातमोज्यांवर थोडं स्टिकम मारायचो. एनएफएलने त्यावर १९८१ सालीच बंदी घातली होती, म्हणजे त्याच्या पदार्पणाच्या चार वर्षं आधी. आमच्या काळात सगळेच वापरायचे, असं त्याचं म्हणणं. त्या काळचे काही खेळाडू म्हणाले, आम्ही नाही वापरलं.

हा डाग आहे आणि तो झाकायचं कारण नाही. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी तर मुळीच झाकू नये. फक्त त्याचं मोजमाप नीट करावं. चिकट हातमोज्याने चेंडू बोटाला धरून राहील, पण कॉर्नरबॅकपासून दोन पावलांची मोकळीक मिळणार नाही. राईसचे झेल बघा, त्यातले बहुतेक मोकळ्या जागेत, छातीसमोर घेतलेले आहेत.

तो सर्वश्रेष्ठ आहे, की हे फक्त आकड्यांचं कौतुक?

रँडी मॉसकडे निसर्गदत्त देणगी जास्त होती. उंची, वेग, उडी, सगळंच. कॅल्विन जॉन्सन शरीराने त्याहून अफाट. जुन्यांमध्ये ग्रीन बेच्या डॉन हटसनने १९३५ ते १९४५ या काळात आपल्या समकालीनांना जेवढं मागे टाकलं तेवढं राईसनेही टाकलं नसेल. हटसनचे ९९ टचडाउन चार दशकांहून अधिक काळ विक्रम म्हणून टिकले.

तरी एकाच सामन्यासाठी एकच रिसीव्हर निवडायचा असेल तर मी राईस निवडेन. कारण त्याच्या खेळात रिकामी जागा नाही. छोटी फेक, लांब फेक, गर्दीतला झेल, झेलानंतरची धाव, आणि चेंडू दुसऱ्याकडे असताना वाट मोकळी करून देणारा धक्का. शेवटची गोष्ट मोठे रिसीव्हर टाळतात. तो टाळायचा नाही. २०१० साली एनएफएल नेटवर्कने सार्वकालिक शंभर खेळाडूंची यादी केली तेव्हा सगळ्या जागांवरच्या खेळाडूंत पहिला क्रमांक त्याला दिला होता.

एवढं मिळवून तो समाधानी होता का?

हॉल ऑफ फेमच्या भाषणात त्याने सांगितलं की त्याला पळवत होती ती अपयशाची भीती, आणि एकच खंत राहिली की या सगळ्याचा आनंद घ्यायला कधी थांबलो नाही. शिखरावर उभ्या माणसाने ओहायोतल्या कँटनमध्ये हजारो लोकांसमोर असं म्हणावं, याने मी त्या दिवशी हललो. त्यानंतर त्याच्या जुन्या सामन्यांत टचडाउननंतरचा त्याचा चेहरा मी मुद्दाम बघतो. कितीतरी वेळा तो चेंडू देतो आणि लगेच वळून बाकावर जातो.

घरात आणखी कोणी खेळतं का?

मुलगा ब्रेंडन राईस यूएससी विद्यापीठाकडून खेळला आणि २०२४च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत लॉस अँजेलिस चार्जर्सनी त्याला घेतलं. तोही वाइड रिसीव्हर.

बघायला सुरुवात कुठून करू?

१९८९च्या सुपर बोलची शेवटची तीन मिनिटं आधी बघा, ती ऑनलाइन सहज मिळतात. पहिल्यांदा चेंडूमागे नजर जाईल, जाऊ द्या. दुसऱ्यांदा चेंडू सोडा आणि फक्त लाल जर्सीतल्या ८० क्रमांकाकडे बघा, चेंडू दुसरीकडे असतानाही. मग १९९५चा तिसऱ्या चालीतला ४४ यार्डांचा टचडाउन. शेवटी २००२चा रेडर्सचा कुठलाही सामना निवडा, जिथे चाळिशीचा माणूस पंचविशीच्या कॉर्नरबॅकसमोर उभा आहे, आणि चाल सुरू झाल्यावर पहिली तीन पावलं संथ गतीत चालवून पाहा.